जुन्या डिंगडाँगला व्हिडिओ डोअरबेल जोडू का?

मंगळवार पेठेत जुनं घर आहे. आईला कमी ऐकू येतं, पण स्वयंपाकघरातली डिंगडाँग बरोबर कळते. तीच वाजायला हवी. नव्या बेलवर १६–२४ व्होल्ट एसी लिहिलंय. जुन्या बटणाच्या वायरी जोडू?

– दादा, थांबा! आपल्याकडं बटणापर्यंत बहुतेक थेट २३० व्होल्ट येतात. बेल जळंल, शॉकही बसंल. डिंगडाँगवरचा आकडा वाचा.

– २३० असेल तर नुसता व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर टाकूनही भागत नाही, ती १६ व्होल्टवर वाजणार नाही. डिंगडाँगही कमी व्होल्टची घ्या.

– २३० च आहे. मेन बंद करून बटण उघडलं, तर वायरीचं वेष्टण बोट लागताच गळालं. वायरमनला बोलावलंय. जुनं बटण आईसाठी तसंच ठेवतो, व्हिडिओ बेलला ट्रान्सफॉर्मर वेगळा.