ट्युरिंगेनचे बटाट्याचे क्लोस पाण्यात फुटतात, नेमकं कुठे चुकतंय?

चुलीपाशी:
जर्मनीतल्या ट्युरिंगेन राज्याचे क्लोस, म्हणजे कच्चा आणि उकडलेला बटाटा मिसळून केलेले मोठे गोळे, दोनदा केले आणि दोन्ही वेळा पाण्यात सुटले. प्रमाण असं: १ किलो किसलेला कच्चा बटाटा, अर्धा किलो उकडलेला, १ अंडं, ३ मोठे चमचे मैदा, मीठ. कीस चाळणीत हाताने दाबला. उकडलेला बटाटा गार झाल्यावर कुस्करून मिसळला आणि गोळे खळखळत्या पाण्यात सोडले. दहा मिनिटांत कडा विरघळून पाण्याची खळ झाली, उरलेले गोळे राखाडी. पुण्यात मिळतो तो साधा बटाटा वापरते. शिवाय काही पाककृतींत अंडं असतं, काहींत नाही. कुठे 'क्लोस' लिहितात, कुठे 'क्न्योडल'. पदार्थ एकच आहे का?

साका:
कच्च्या-उकडलेल्याचं २:१ प्रमाण अगदी बरोबर आहे. चूक तीन ठिकाणी आहे आणि सगळ्यात मोठी म्हणजे बटाटा गार करून मिसळला ही.

या गोळ्यांत अंडंही नसतं आणि मैदाही नसतो. बांधणी फक्त बटाट्याच्या स्टार्चची. हा स्टार्च साधारण ६०-६५ अंशांच्या पुढे फुगून चिकट होतो. मोदकाच्या उकडीत आधणाचं पाणी जे काम करतं तेच इथे उकळता बटाटा करतो. गार पाण्यात तांदळाची पिठी कालवून मोदक वळायला गेलं तर जे होईल, तेच तुमच्या क्लोसचं झालं.

आठ-दहा गोळ्यांसाठी असं करा. १.३ किलो कच्चा बटाटा सोलून बारीक किसणीवर थेट पाण्यात किसा. पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला, म्हणजे कीस काळा पडत नाही. राखाडी रंग हवेशी संबंध आल्यामुळे येतो. मग कीस जाड सुती फडक्यात बांधून पिळा. चाळणीत दाबून भागत नाही. ट्युरिंगेनमध्ये यासाठी खास दाबयंत्रं वापरतात, घरी दोघांनी फडकं दोन्ही टोकांनी पिळलं तरी चालतं. कीस वजनाने साधारण निम्म्यावर यायला हवा आणि बोटांनी मोकळा केला की ओल्या लाकडाच्या भुश्यासारखा सुटा व्हायला हवा.

पिळलेलं पाणी फेकू नका! पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. कुरडयांच्या चिकासारखीच निवळ वरून ओतून द्या आणि तळाशी बसलेलं घट्ट पांढरं सत्त्व किसात परत मिसळा. किसात दीड-दोन चमचे मीठही आत्ताच घाला.

तोवर ६५० ग्रॅम बटाटे फोडी करून, जेमतेम बुडतील एवढ्याच मिठाच्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. त्याच पाण्यासकट घोटून पातळ पिठल्याइतकं सैल करा आणि पुन्हा आचेवर ठेवून बुडबुडे येऊ द्या. अंगावर उडतं, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या. हे उकळतं मिश्रण किसावर ओता, आधी तीन-चतुर्थांशच, आणि लाकडी डावाने जोरात फेटा. पीठ चकचकीत होऊन भांड्याच्या कडेपासून सुटलं की झालं. कोरडं वाटलं तरच उरलेलं घाला.

हात थंड पाण्यात बुडवून गोळे वळा. आत लोण्यात परतलेले पावाचे दोन-तीन तुकडे ठेवतात. ते फक्त चवीसाठी नाहीत, मोठ्या गोळ्याचा मधला भाग कच्चट, गच्च राहू नये म्हणूनही असतात.

पाणी उकळून मग आच कमी करा. पृष्ठभाग फक्त थरथरायला हवा. खळखळत्या पाण्यात वरचा थर घट्ट होण्याआधीच घासून निघतो. झाकण तिरपं ठेवून २० मिनिटं. आधी एकच लहान गोळा सोडून बघा. तो सुटला तर पिठात चमचा-दोन चमचे बटाट्याचा स्टार्च घाला, मग बाकीचे.

पाणवठा:
बटाट्याबद्दल. जर्मनीत पिशवीवर 'मेलिशकोखेंड' लिहिलेला पिठूळ बटाटा घ्यायचा, त्याची पट्टी बहुतेक निळी असते. हिरव्या पट्टीचा 'फेस्टकोखेंड' सलाडसाठी, क्लोसला निरुपयोगी. पुण्यात पिशवीवर असं काही नसतं, तेव्हा ही चाचणी करा: १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवून बटाटा सोडा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. नवा, पातळ सालीचा बटाटा टाळा, त्यात पाणी फार असतं.

डोंगरवाट:
नावांचं सांगते. दक्षिण जर्मनीत, म्हणजे बव्हेरियात, 'क्न्योडल', आणि मध्य जर्मनीत 'क्लोस'. नाव प्रदेशाचं आहे. कृती मात्र नावावरून ठरवू नका, तिथेच गोंधळ होतो.

दक्षिण ट्युरिंगेनमध्ये याच गोळ्यांना 'ह्यूटेस' म्हणतात. फ्रँकोनिया बव्हेरिया राज्यात असला तरी तिथे बोलीत 'क्लोस' चालतो. जर्मनीच्याच सारलांड राज्यातले 'होरिशे' गोळे लांबट, टोकदार. किसाचे धागे बाहेर दिसतात म्हणून 'केसाळ' हे नाव. ते खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या मलईदार रश्शाबरोबर खातात. 'हाल्ब उंड हाल्ब' म्हणजे कच्चा-उकडलेला निम्मा-निम्मा. 'झायडने', म्हणजे रेशमी, क्लोसात सगळा बटाटा उकडलेला, आणि अंडं घालायची पद्धत या उकडलेल्या बटाट्याच्या प्रकारांत आहे. तुमच्या पाककृतीत दोन वेगळे प्रकार एकत्र आलेत.

बव्हेरियाचे 'झेमेलक्न्योडल' तर बटाट्याचे नाहीतच, शिळ्या पावाचे असतात. २५० ग्रॅम वाळलेल्या पावाचे पातळ काप, २५० मिली कोमट दूध, २ अंडी, लोण्यात परतलेला कांदा, पार्स्ली, किंचित जायफळ. अर्धा तास भिजू द्या, १५-२० मिनिटं थरथरत्या पाण्यात ठेवा. सैल झालं तर ब्रेडचा चुरा घाला. मैद्याने गोळे चिवट होतात. आपला लादीपाव फार मऊ असतो, दोन दिवस उघडा वाळवा आणि दूध तीन-चतुर्थांशच घाला.

चुलीपाशी:
साका, डोंगरवाट, खूप आभार. फडक्याने पिळून, उकळतं ओतून करते. घाईच्या दिवशी कीस न करता काही होईल?

साका:
होईल, पण ते 'रेशमी' क्लोस होतील, ट्युरिंगेनचे नव्हेत. १ किलो पिठूळ बटाटे सालीसकट उकडा, सोलून गरम असतानाच बटाटा दाबायच्या यंत्रातून काढा, वाफ पूर्ण जाऊ द्या. मग २०० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च आणि १ अंडं, फार न मळता. जास्त मळलं की पीठ गोंदासारखं होतं. इथे बटाटा गार झालेला चालतो, कारण स्टार्च पाण्यात शिजताना बांधणार आहे.

पाणवठा:
दोन्ही गोळे सुरीने कापू नका. दोन काट्यांनी फाडले की आतला खडबडीत भाग रस्सा शोषतो, सुरीने कापलेली बाजू गुळगुळीत राहते. शाकाहारी जेवणात झेमेलक्न्योडलबरोबर मशरूमचा मलईदार रस्सा हे बव्हेरियातलं रुळलेलं जेवण आहे. उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी बोटभर जाड काप करून लोण्यात मध्यम आचेवर परता, पहिली बाजू पूर्ण लाल झाल्याशिवाय उलटू नका, तुटतात.