‘निलंबन’ की ‘बंदी’? (आइस हॉकी)

गारगोटी: एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर धडकणाऱ्या खेळाडूच्या शिक्षेला काय म्हणावं? टॉम विल्सन या खेळाडूबद्दल (२०१८) ‘२० सामन्यांसाठी निलंबित’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘बंदी’ केलं. डोक्यावरच्या धडकेबद्दलच्या नियम ४८ मधल्या ‘मेन पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट’लाही (मार मुख्यतः जिथे बसतो ती जागा) शब्द हवाय.

ओळंबा: संपादक बरोबर. सरकारी नोकरीत निलंबन ही शिक्षा नव्हेच. चौकशीपुरतं दूर ठेवतात, निर्वाह भत्ता देतात. इथे सुनावणी आधी, शिक्षा नंतर, आणि पगार जातो. पहिल्यांदा दोषी असेल तर सामन्यामागे कपात काढताना वार्षिक पगाराला हंगामाच्या दिवसांनी भागतात. १८ महिन्यांत पुन्हा सापडला तर हंगामातल्या ८२ सामन्यांनी. म्हणजे दुपटीहून जास्त फटका.

तिरकमान: मॅच पेनल्टी (मुद्दाम इजा करू पाहिल्याबद्दल सामन्यातून हकालपट्टी) मिळाली की निर्णय लागेपर्यंत खेळाडू आपोआप बाहेर असतो. ते अस्सल निलंबन. पुढे ठरते ती बंदी. दोन्ही शब्द लागतील.

पाणकणीस: दारूबंदी, गुटखाबंदी... ‘बंदी’त मुदत कुठे आहे? शिवाय फारसी. ‘सामनेवर्जन’ का नको?

ओळंबा: मुदत आकडा सांगतो. राफी टोरेसला २०१५ मध्ये ४१ सामन्यांची बंदी झाली, बरोबर अर्धा हंगाम. आणि फारसी ‘बंद’ व संस्कृत ‘बंध्’ एकाच कुळातले. ‘पगार’ तर पोर्तुगीज, तोही काढणार?

पाणकणीस: रुळलेलं राहू दे. नवं घडवताना तरी आपलं घडवा. ‘मुख्य आघातबिंदू’ घ्या.

तिरकमान: ‘मार मुख्यतः डोक्यावर’ पुरे. ‘आधी डोक्याला लागलं’ मात्र नको. खांद्याला ओझरता स्पर्श आधी झाला तरी जोर डोक्यावर असेल तर नियम लागू होतो. ‘नेम धरून’ही टाळा. मॅट कुकनं मार्क सॅव्हार्डला मारलेल्या धडकेनंतर मार्च २०१० मध्ये नियम हंगामाच्या मध्येच आला, तेव्हा फक्त बाजूनं किंवा नजरेआडून आलेली धडक त्यात होती. २०११ मध्ये दिशेची अट गेली आणि डोक्यावर रोख असण्याची आली. २०१३ मध्ये तीही काढून ‘टाळता येण्याजोगी’ ही कसोटी घातली.

ओळंबा: विल्सनचा आकडाही बघा. तटस्थ लवादानं २० चे १४ केले, पण तोवर १६ सामने बाहेर बसून झाले होते.

पाणकणीस: ‘धडक’ कशी चालते? बॉडी चेक (अंगानं धक्का देऊन अडवणं) नियमात बसतो. ‘धडक’ म्हटलं की अपघात वाटतो.

तिरकमान: मोर्चा धडकतो, तो अपघात असतो का? ‘बेकायदा धडक’ लिहा.

पाणकणीस: मग कायदेशीर चेकला कोणता शब्द?