मदत हवी आहे: कळलावीचे कंद उगवत नाहीत, फुलाला शेंग धरत नाही

धुरेकरी:
अचलपूर तालुका, भारी काळी जमीन. जूनमध्ये धुऱ्याला (शेताच्या बांधाला) कळलावीचे, म्हणजे अग्निशिखा या वेलीचे, कंद तुकडे करून लावले. निम्मे उगवलेच नाहीत. उकरले तर काही सडलेले, काही टणक पण बिनकोंबाचे. उगवलेल्या वेलांना फुलं ढीगभर, शेंग एकही नाही. काय चुकतंय?

रानवेल:
भाऊ, हे दोन वेगळे रोग आहेत. टणक राहिले त्यांचा डोळा गेला. कळलावीच्या कंदाला दोन फाटे असतात आणि डोळा फक्त फाट्याच्या टोकाला. आल्या-हळदीसारखं कुठूनही कापून चालत नाही. टोक शाबूत ठेवून सांध्यावर फाटे वेगळे करा, कापाला राख लावा, 2-3 इंच खोल आडवे ठेवा. कोंब काचेसारखा कडकन मोडतो, म्हणून आधार कंद लावतानाच रोवायचा. तुराट्या चालतात; पानाच्या टोकाचा ताणा त्यांना धरतो.
सडलेले पाण्याने गेले. काळ्या मातीत फूटभर उंच वरंबा करा, अर्धा मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

माळरान:
शेंगेचं सांगतो. या फुलाची परागवाहिनी (पराग धरणारी मादी दांडी) बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जाते, त्यामुळे स्वतःचा पराग तिच्या टोकाला सहसा लागत नाही. झडीत फुलपाखरंही फिरकत नाहीत. सकाळी मऊ ब्रशने एका वेलाचा पराग दुसऱ्या वेलाच्या ताज्या फुलाला लावा. सगळे वेल एकाच कंदाच्या फाट्यांचे असतील तर उपयोग कमी. काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेली अळी दिसली की वेचून टाका, ती पानं फस्त करते.

धुरेकरी:
धन्यवाद. घरी म्हणतात, बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून याचा लेप लावत. कंद जपून ठेवू का?

रानवेल:
लावण्यापुरताच, तोही मुलांच्या हाती लागणार नाही असा. लेपाची रीत जुनी आहे, पण आज बाळंतपण दवाखान्यातच. अख्ख्या झाडात कोल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत जास्त. रानकंद समजून खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबले म्हणजे सुटलो असं नाही, पुढच्या दिवसांत रक्तातल्या पेशी घटतात. तुकडा सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठायचा. कंद हाताळताना हातमोजे घाला. धुऱ्यावर शेळ्या सुटत असतील तर तिथून हलवाच.

माळरान:
हलवायचं ते वेल वाळल्यावर, दिवाळीनंतर. आत्ता खुणेची काडी रोवून ठेवा, नाहीतर वखर कंदावरून जाईल.