मदत हवी आहे: दोष वस्तीचा की स्वतःवरच्या ताब्याचा?

गुन्हेगारीवर प्रोजेक्ट करतेय आणि एका जागी पार अडकलेय. गॉटफ्रेडसन आणि हर्शी हे गुन्हेगारीचे अभ्यासक १९९० मध्ये म्हणतात की मूळ कारण म्हणजे स्वतःवर ताबा नसणं आणि तो लहानपणी घरातच घडतो, पण शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी १९४२ मध्येच शिकागोबद्दल दाखवलं होतं की वस्तीतली माणसं बदलली तरी तिथली गुन्हेगारी तशीच राहते, मग नुसत्या स्वभावावर कसं ढकलायचं? मला मनापासून वाटतं दोन्ही एकमेकांत गुंतलंय. तापट पोरगं मारामारीला उठलं आणि वरच्या मजल्यावरून कोणी नावाने हाक मारली की हात खाली येतो, खिडक्या बंद असल्या की उठतो. हे एकत्र मोजायचं कसं, मल्टिलेव्हल मॉडेल (माणूस आणि वस्ती असे दोन्ही स्तर एकाच वेळी तपासणारी आकडेवारीची पद्धत) लावू का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.