सगळे रेझिस्टर मेटल फिल्म केले, महागातला आयसी घातला, तरी हिस जाईना. उलट वाढली!

तबकडीवाला_सांगली

नमस्कार मंडळी. आजोबांच्या एलपी माळ्यावरून काढल्यात, बहुतेक नाट्यसंगीत आणि थोडे अभंग. टर्नटेबल मित्राकडून घेतला, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) आहे. फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) स्वतः केला. सर्किट एका जुन्या वहीतलं. कॉलेजात असताना कुणाच्या तरी नोट्सवरून उतरवलं होतं, त्यामुळे मूळ कुठलं ते विचारू नका.

पहिली स्टेज सपाट आहे (सगळे सूर सारखेच वाढवते), गेन ११, म्हणजे सिग्नल अकरा पट. आयसी एनई५५३२. फीडबॅकला १०० के (किलोओहम), पिन २ वरून ग्राउंडकडे १० के आणि त्याच्याखाली १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. कार्ट्रिजवर ४७ के लोड, तिथून १० के सिरीजमध्ये होऊन पिन ३ (पिन २ आणि ३ म्हणजे आयसीची दोन इनपुटं). आरआयएए (रेकॉर्ड कापताना दाबलेला बेस आणि चढवलेला ट्रेबल परत सरळ करणारं सर्किट) दुसऱ्या स्टेजला.

आवाज छान येतो, पण सुई वर उचलून व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला की स्पीकरमधून पाऊस पडल्यासारखी सूंऽऽ हिस. आधी सगळे कार्बन फिल्म होते. ‘मेटल फिल्म घाल, हिस जाईल’ असं सगळीकडे वाचलं, म्हणून पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीतून एक टक्क्याचे आणले आणि रविवारभर बसून बदलले. शष्प फरक नाही. मग एका मित्राने एलएम४५६२ दिला, ‘५५३२ चा बाप आहे’ म्हणाला. तो लावला तर हिस वाढली. थोडीच, पण नक्की वाढली, बायकोलाही कळली. आयसी डुप्लिकेट असेल का?

---

ट्यूबवाला_बेळगाव

डुप्लिकेट असणारच. आजकाल बाजारात निम्मे आयसी घासून नवीन नंबर छापलेले असतात. आणि मेटल फिल्म कुठल्या कंपनीचे घेतलेत? सगळे सारखे नसतात. माझ्या १२एएक्स७ ट्यूबच्या प्रीअँपमध्ये कार्बन काढून मेटल फिल्म घातले तेव्हा दिवसरात्रीचा फरक पडला होता.

---

निवृत्त_रिपेअरवाला

सांगलीकर, आयसी परत करायला जाऊ नका. तो अस्सल असायची शक्यता बरीच आहे. डेटाशीटमध्ये जे लिहिलंय तेच त्याने तुमच्या सर्किटमध्ये करून दाखवलं.

रेझिस्टरचा आवाज दोन प्रकारचा असतो आणि लोक दोन्हींची भेळ करतात. पहिला उष्णतेचा. तारेतले इलेक्ट्रॉन गरमीने वळवळत असतात, त्याचा आवाज. तो फक्त ओहमवर आणि तापमानावर ठरतो. कार्बन असो, मेटल फिल्म असो, सोन्याचा असो, १० के म्हणजे १० के. बेल लॅबमधल्या जॉन्सनने १९२८ साली हे मोजून छापलं. त्याने कार्बनची तार, धातूची तार एवढंच नाही तर मिठाचं पाणीसुद्धा रेझिस्टर म्हणून लावून पाहिलं. आवाज ओहमच्या हिशेबातच आला. त्याचा गणिती खुलासा नायक्विस्टने केला. तेव्हा मेटल फिल्मने हा आवाज कमी होत नाही, मिठाच्या पाण्याने वाढत नाही.

दुसरा जास्तीचा आवाज, एक्सेस नॉइज. तो मात्र मालावर ठरतो. कार्बन कॉम्पोझिशन सगळ्यात वाईट, कार्बन फिल्म बरा, मेटल फिल्म आणि वायरवाउंड उत्तम. एसएमडीत (बोर्डावर थेट चिकटवायच्या बारक्या भागांत) जाड फिल्मचे पातळ फिल्मपेक्षा वाईट. पण हा आवाज निघतो तो रेझिस्टरवर डीसी व्होल्टेज असेल तेव्हा, आणि त्या व्होल्टेजच्या प्रमाणात. आता मीटर घ्या आणि तुमच्या १०० के वर, १० के वर किती डीसी आहे ते बघा. मिलिव्होल्ट भरतील. मग तिथे कार्बन काय आणि मेटल काय! तुमचा रविवार फुकट गेला तो यामुळे.

बेळगावकर, तुमचा फरक खरा होता, त्याचं कारण वेगळं. ट्यूबच्या प्लेटला १०० के, त्याच्यावर शंभरेक व्होल्ट डीसी. समजा कार्बन कॉम्पोझिशन दर व्होल्टमागे, दर डिकेडला (फ्रिक्वेन्सीच्या दर दहापटीला) एक मायक्रोव्होल्ट आवाज करतो. वीस हर्ट्झ ते वीस किलोहर्ट्झ म्हणजे तीन डिकेड, आवाज तिनाच्या वर्गमुळाने वाढतो. १७० च्या आसपास मायक्रोव्होल्ट झाले. त्याच १०० के चा उष्णतेचा आवाज त्याच पट्ट्यात पावणेसहा मायक्रोव्होल्ट. तिथे मेटल फिल्म घालणं म्हणजे दुखत्या दातावरच इलाज. सांगलीकरांचा दात वेगळा आहे.

आता तुमच्या सर्किटचा हिशेब. लक्षात ठेवायला एकच आकडा: १ के म्हणजे ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ (हे आवाज मोजायचं एकक, पुढचे आकडे त्यातच). बाकी वर्गमुळाने वाढतं. १०० ओहमचे १.३, १० के चे १३, १०० के चे ४०.

- पिन ३ च्या वाटेतला १० के: १३.
- पिन २ ला आयसीला दिसतात १०० के आणि १० के समांतर, म्हणजे ९.१ के: १२.
- ५५३२ चा स्वतःचा व्होल्टेज नॉइज: ५.
- ५५३२ चा करंट नॉइज ०.७ पिकोअँपिअर. तो प्रत्येक वाटेतल्या ओहममधून वाहतो: पिन २ कडे ६.४, पिन ३ कडे (कार्ट्रिजची वायर धरून) साडेसात.
- कार्ट्रिजची वायर, अंदाजे ७०० ओहम: ३.४.

हे आकडे सरळ मिळवायचे नसतात, वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ घ्यायचं. एकूण २१ नॅनोव्होल्ट. यात आयसीचे पाच शोधा. वर्गात धरलं तर ४५० मधले २५. गर्दीत हरवलेलं पोर!

एलएम४५६२ चा व्होल्टेज नॉइज २.७, म्हणून मित्र ‘बाप’ म्हणाला. पण त्याचा करंट नॉइज १.६ पिकोअँपिअर, ५५३२ च्या दुपटीहून जास्त. तुमच्या १०-१० के मधून तो गेला की १४.५ आणि १७. एकूण २९. एकवीसचे एकोणतीस झाले, म्हणजे पावणेतीन डेसिबल. वहिनींचे कान चांगले आहेत.

इलाज स्वस्त आहे. पिन ३ चा १० के काढून १०० ओहम. १०० के च्या जागी २.२ के, १० के च्या जागी २२० ओहम. गेन अकराच राहतो. आउटपुटवर भार वाढेल, पण ५५३२ ला ६०० ओहमसुद्धा पेलतात. नव्या हिशेबात एकूण साडेसहा येतात. एकवीसवरून साडेसहा, म्हणजे दहा डेसिबल, कागदावर.

‘कागदावर’ म्हणतो कारण कार्ट्रिज म्हणजे नुसते ७०० ओहम नव्हेत. आत अर्धा हेन्रीच्या आसपास कॉइल असते. १ किलोहर्ट्झला तिचे ३ के होतात, १० किलोहर्ट्झला ३० के. तिथे वर ४७ के चा आवाजही डोकं काढतो, आयसीचा करंट नॉइजही. सुदैवाने आरआयएए तो वरचा भाग दाबतं, १० किलोहर्ट्झला १४ डेसिबलच्या आसपास. म्हणून प्रत्यक्षात फायदा दहाहून कमी होईल, पण ऐकू येईल एवढा नक्की.

ते १० के तिथे आले कुठून, तेही सांगतो. दोन्ही पिनांना सारखे ओहम दिसावेत, बायस करंटचा (आयसीच्या इनपुटांतून वाहणाऱ्या बारीक डीसी करंटचा) ऑफसेट कटावा, हा ऑपअँपचा, म्हणजे ५५३२ सारख्या आयसीचा, पहिल्या धड्यातला नियम. मोजमापाच्या डीसी सर्किटला तो ठीक. ऑडिओच्या इनपुटला तो पाळणं म्हणजे मांजराला घाबरून घरात वाघ आणणं. शंभर-दोनशे ओहमवर ५५३२ चा बायस करंट मिलिव्होल्टचा जेमतेम अंश उभा करतो.

बदलण्याआधी एक चाचणी करा. एक आरसीए पिन घ्या, मधली तार आणि बाहेरची बॉडी जोडून टाका, इनपुटला लावा. हिस तशीच राहिली तर आवाज सर्किटच्या पोटातला. मग पिन काढून इनपुट उघडा ठेवा, हिस एकदम भडकेल. तेव्हा ४७ के मोकळा असतो. पुष्कळ लोक असं उघडं इनपुट ऐकून प्रीअँपला शिव्या देतात, अन्याय आहे तो.

---

ऐकतोय_ठाणे

हिशेब छान, पण सगळं नॅनोव्होल्टमध्ये येत नाही. मेटल फिल्मने साउंडस्टेज (कुठलं वाद्य कुठे बसलंय याचा भास) उघडतो हे मी स्वतः अनुभवलंय. आणि टीएल०७२ लावून बघा म्हणावं, त्यात करंट नॉइज जवळजवळ नसतोच.

---

निवृत्त_रिपेअरवाला

टीएल०७२ चा करंट नॉइज नगण्य, मान्य. व्होल्टेज नॉइज १८. म्हणजे सांगलीकरांनी १० के तसेच ठेवून तो लावला तर २५ होतील. १०० ओहम करून लावला तरी अठरा-एकोणीस राहतील. तो गिटारच्या पिकअपला, हाय इम्पीडन्सला चांगला. मी पन्नासेक मिक्सरमध्ये बदलला असेल, त्याच्याशी माझं भांडण नाही.

साउंडस्टेजबद्दल मी काही बोलत नाही. माझं वय झालं.

---

तबकडीवाला_सांगली

काका, दंडवत. आधी चाचणी: शॉर्ट पिन लावली, हिस तशीच. पिन काढली तर धबधबा. म्हणजे पोटातलाच.

मग १००, २.२ के, २२० घातले. एलएम काढून ५५३२ परत. हिस? व्हॉल्यूम अर्ध्यावर कान स्पीकरला लावावा लागतो. खरंच. पण अभंगाची एलपी लावली तर डग्गा गायब! तबल्याचं नुसतं टिणटिण. तानपुरा पण पोकळ. हिसबरोबर बेसही गेला का? जुने १० के परत घातले तर डग्गा हजर.

---

निवृत्त_रिपेअरवाला

अरेरे, चूक माझी. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतंत आणि मी ओलांडून गेलो. २२० ओहमच्या खाली तो १० मायक्रोफॅरॅड अजून तिथेच आहे ना? १० के बरोबर त्याची कट-ऑफ होती १.६ हर्ट्झ. २२० बरोबर झाली ७२ हर्ट्झ. त्याच्याखाली गेन घसरत जातो, डग्गा तिथेच राहतो. तिथे ४७० मायक्रोफॅरॅड घाला, परत दीड हर्ट्झवर येईल. साधा इलेक्ट्रोलिटिक चालेल, ६.३ व्होल्टचासुद्धा, कारण त्याच्यावर डीसी जवळजवळ नसतो. डबी मोठी असते, पीसीबीवर आडवी झोपवावी लागेल.

कमी ओहमची किंमत अशी कपॅसिटरमध्ये मोजावी लागते. जुन्या लोकांनी मोठे ओहम ठेवले त्यात हेही एक कारण होतंच, मोठा कपॅसिटर महाग पडायचा.

---

ट्यूबवाला_बेळगाव

काका, एक विचारतो. मग माझ्या ट्यूबच्या इनपुटला ग्रिडमध्ये ६८ के सिरीज आहे, तोही कमी करू का? आणि मेटल फिल्म फक्त प्लेटलाच पुरे का?

---

निवृत्त_रिपेअरवाला

प्लेट आणि कॅथोड, जिथे डीसी आहे तिथे. कॅथोडवर व्होल्ट-दीड व्होल्टच, पण तिथे बायपास (समांतर कपॅसिटर) नसेल तर आवाज थेट सिग्नलमध्ये शिरतो.

ग्रिडमधला ६८ के म्हणजे ३३ नॅनोव्होल्ट, मेटल फिल्म घाला की कार्बन. तो आरएफ (रेडिओ लहरी) अडवायला आणि गिटारच्या दोन इनपुटांची मिसळ करायला असतो. गिटार नसेल तर १० के पर्यंत आणा. त्याहून खाली आणलात तर एखाद दिवशी शेजाऱ्याच्या मोबाइलची टकटक ऐकू येईल.

---

तबकडीवाला_सांगली

४७० घातला. डग्गा परत आला, हिस नाही. रेकॉर्ड सुरू होण्याआधीची खरखर आता स्वच्छ ऐकू येते, आजोबांनी ही बाजू किती वाजवली असेल ते कळतं.

एलएम४५६२ मित्राला परत देऊ का? आता १० के नाहीत तर त्याचा फायदा होईल ना?

---

निवृत्त_रिपेअरवाला

शॉर्ट पिन लावून ऐकाल तर होईल. कार्ट्रिज लावलं की वरच्या पट्ट्यात तिची कॉइल त्याचा करंट नॉइज परत वर काढेल. मूव्हिंग मॅग्नेटसाठी त्याहून एनई५५३४ए बघा: ३.५ नॅनोव्होल्ट आणि ०.४ पिकोअँपिअर. एका डबीत एकच ऑपअँप असतो आणि पिनाही वेगळ्या, त्यामुळे बोर्ड बदलावा लागेल. तेवढ्यासाठी आत्ता उठू नका. एलएम मित्राला द्या, त्याच्या लाइन स्टेजला शोभेल.

---

तबकडीवाला_सांगली

देतो. एक शेवटचं. हिस गेल्यापासून एक बारीक घूंऽऽ ऐकू येतंय, आधी हिसखाली दबलं असावं. ट्रान्सफॉर्मर प्रीअँपच्याच डब्यात आहे, कार्ट्रिजच्या वायरीपासून चार बोटांवर.

---

निवृत्त_रिपेअरवाला

चार बोटांवर! बाहेर काढा तो, फूटभर वायर लावून वेगळ्या डब्यात. आणि त्याच्यासाठी नवा धागा काढा, ग्राउंडवर मी सुरू झालो तर हा धागा बंद पडेल.