मदत हवी आहे: गोल विहिरीच्या जाळीचा हिशोब

गुहागरला घरच्या चिऱ्याच्या विहिरीवर जाळी बसवायची आहे. माडाच्या झावळ्या सारख्या आत पडतात. कठड्याला बाहेरून सुंभ गुंडाळून मोजला, घेर ४४ फूट भरला. २२/७ ने भागलं की व्यास १४, त्रिज्या ७, म्हणजे क्षेत्रफळ १५४ चौरस फूट. बरोबर ना?

वेल्डर मात्र १४ × १४ धरून १९६ चे पैसे मागतोय. कोपरे वाया जातात म्हणे. ४२ चौरस फूट वाया? आणि ते तुकडे नेणार तोच! तुमच्याकडे गोल जाळीचा दर कसा लावतात?

शिवाय आंब्याच्या मुळाने कठडा फुगलाय. एकीकडून व्यास सव्वाचौदा, दुसरीकडून पावणेचौदा. सरासरी १४ धरली तर जाळी नीट बसेल का?