गावच्या घरी डायल-अपऐवजी ब्रॉडबँड: एक जोडणी, दोन घरं

(हा परदेशातल्या सभासदांचा जुना संवाद, डायल-अप आणि विंडोज एक्सपीच्या काळातला. त्यातल्या योजना, रात्रीची मोफत वेळ आणि उपकरणं तेव्हाची आहेत; स्काइप २०२५ मध्ये बंद झालं.)

विषय: दर्यापूरकडे (जि. अमरावती) ब्रॉडबँड, मार्गदर्शन हवं
प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

गावी आईबाबांकडे अजून डायल-अप आहे. ५६ केबीपीएसचा (सेकंदाला किलोबिट) मोडेम जेमतेम २८ वर जुळतो, आणि नेट सुरू असेपर्यंत फोन एंगेज. आता तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून ब्रॉडबँड मिळतंय असं कळलं. वाडा एकच आहे, पण काकांचं घर अंगणापलीकडे, साधारण ३० मीटरवर. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर. एका जोडणीवर दोघांचं भागेल का? जानेवारीत एक जण तिकडे जाणार आहेत, त्यांच्यासोबत इथून मोडेम पाठवावा का?

उत्तर १
प्रेषक: सभासद, शिकागो

भाऊ, मोडेम इथून पाठवू नका. इथल्या केबल कंपनीचा मोडेम तिथे टेलिफोनच्या तारेवर चालणारच नाही. एडीएसएलचा (टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारा) असला आणि त्याचा ॲडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असला, तर २३० वर लावताच जळेल. तिथे जोडणीसोबत मिळतो तोच घ्या. बिघडला तर बदलून देणारा माणूस तालुक्यात असतो.

मोडेमच्या आधी तारेची चौकशी करा. बाबांना एक्स्चेंजमध्ये दोन गोष्टी विचारायला सांगा. आपल्या गावच्या एक्स्चेंजला डीस्लॅम (तारेवर ब्रॉडबँड सोडणारी यंत्रणा) बसलाय का, आणि आपला नंबर थेट तांब्याच्या जोडीवर आहे का. गावोगावी फोन डब्ल्यूएलएलचे आहेत, म्हणजे बिनतारी, घरावर अँटेना असलेले. त्यांच्यावर एडीएसएल मिळत नाही, कारण मधे तारच नसते. एका जोडीवर दोन नंबर चालवणारी पेअर गेनची पेटी मधे असली तरीही नाही.

आता कारण सांगतो, म्हणजे लाइनमनशी बोलणं सोपं जाईल. आपला आवाज तारेवर सुमारे ३४०० हर्ट्झच्या आत मावतो, आणि डायल-अपलाही तेवढीच जागा मिळते. म्हणून नेट आणि फोन एका वेळी चालत नाहीत. एडीएसएल त्याच तारेवर साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर, ११०० किलोहर्ट्झपर्यंत चालतं. त्यामुळे आवाज मोकळा राहतो आणि इकडून केव्हाही फोन लावला तरी लागतो. आपल्यासारख्यांना वेगापेक्षा हाच फायदा मोठा आहे. पण वरच्या फ्रीक्वेन्सी तारेत लवकर विरतात. एक्स्चेंजपासून तार ५ किलोमीटरच्या आसपास गेली की जोडणी टिकणं कठीण. रस्त्याचं अंतर धरू नका, तार खांबाखांबांवरून वळसे घेत येते.

फोन स्वच्छ ऐकू येतो म्हणून तार चांगली, असंही समजू नका. हाताने पीळ देऊन केलेला सांधा एका पावसाळ्यात गंजतो. त्यातून आवाज जातो, एडीएसएल तुटतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे जमिनीतल्या केबलचे सांधे ओढले जाऊन त्यात पाणी शिरतं. जोडणी बसवायला माणूस येईल तेव्हाच डीपीपासून (टेलिफोनच्या वाटप पेटीपासून) घरापर्यंतची ड्रॉप वायर सलग एकच टाकून घ्या. मधे सांधा नको. तेवढ्या वायरचे पैसे बाबांना द्यावे लागले तरी द्यावेत.

मोडेम लागला की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून आकडे लिहून ठेवायला सांगा. लाइन ॲटेन्युएशन (तारेत सिग्नल किती विरतो ते) ४० डेसिबलच्या खाली असेल तर छान, ६० च्या वर असेल तर रोजची कटकट. एसएनआर मार्जिन (खरखरीपेक्षा सिग्नल किती वरचढ आहे ते) किमान १० डेसिबल असावं. ६ च्या खाली गेलं की जोडणी तुटत राहते. पुढे तक्रार करताना "नेट हळू आहे" म्हणण्यापेक्षा "मार्जिन बसवलं तेव्हा १८ होतं, आता ५ आहे" असं सांगितलं की लाइनमन थेट सांधे तपासतो.

स्प्लिटर (आवाज आणि नेट वेगळं करणारी डबी) रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या खोक्याला, सर्वांत आधी लावायचा, आणि घरातले सगळे फोन त्याच्या फोनच्या बाजूने न्यायचे. माजघरात जुनं एक्स्टेन्शन असेल, कॉलर आयडीची डबी असेल, तर तीही. घंटी वाजली की नेट तुटतं अशी तक्रार आली, तर बहुधा एखादा फोन स्प्लिटरच्या आधीच जोडलेला आहे असं समजा.

दोन घरांचं आता. बसवणारा माणूस बहुधा मोडेम ब्रिजवर ठेवून (म्हणजे लॉगिन मोडेम नव्हे, कॉम्प्युटर करतो) विंडोज एक्सपीत डायलर, म्हणजे लॉगिनची खिडकी, करून देतो. तसं असेल तर एका वेळी एकच कॉम्प्युटर जोडता येतो. दुसऱ्याने डायल केलं की ६९१ (लॉगिन नाकारल्याचा संदेश) येतं, आणि लोक पासवर्ड चुकला म्हणून बदलत बसतात. मोडेममध्येच पीपीपीओई (मोडेमने स्वतः लॉगिन करण्याची पद्धत) निवडा, व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ (जोडणीचे ठरलेले क्रमांक) ठेवा, युजरनेम-पासवर्ड तिथेच भरा, डीएचसीपी (कॉम्प्युटरना आपोआप पत्ते देणारी सोय) चालू करा. मग डायलरची गरज उरत नाही, तो पुसून टाका. मोडेमला लॅनचं (कॉम्प्युटरच्या केबलचं) एकच पोर्ट असेल तर पाच पोर्टांचा साधा स्विच घ्या.

काकांचं घर वाड्यातलंच आहे म्हणून ठीक. पैसे घेऊन शेजाऱ्यांना वाटू नका. त्याला परवाना लागतो, आणि ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्यावरच सगळी जबाबदारी येते.

उत्तर २
प्रेषक: सभासद, ह्यूस्टन

वरचं सगळं बरोबर. पण अंगणावरून लॅनची केबल हवेत ओढू नका, ही माझी कळकळीची विनंती. कॅट-५ या लॅन केबलसाठी १०० मीटरची मर्यादा आहे, ३० मीटर तिला सहज झेपतात. प्रश्न आभाळातल्या विजेचा आहे. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस कडकडाटासह येतो. जवळपास वीज पडली तरी अशा तारेत दाब येतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जातात. दोन घरांची अर्थिंग वेगळी असेल तर आणखी वाईट. केबल पीव्हीसी पाइपात घालून जमिनीखालून न्या, विजेच्या सर्व्हिस वायरसोबत बांधू नका, आणि आभाळ भरून आलं की दोन्ही टोकं काढायची सवय लावा. टेलिफोनची तारसुद्धा मोडेममधून काढायची. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, कारण वीज बहुधा टेलिफोनच्या तारेतूनच येते.

वाय-फाय करायचं असेल तर मोडेम अंगणाकडच्या खिडकीत ठेवा. मातीच्या जाड भिंती आणि टिनाचे पत्रे त्याला अडवतात. वाय-फायची सुरक्षा निदान डब्ल्यूपीएवर ठेवा, जुनी डब्ल्यूईपी फार सहज फुटते.

उन्हाळ्याचंही बघा. अशी उपकरणं बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ असतं. पत्र्याखालच्या फळीवर किंवा इन्व्हर्टरवर मोडेम ठेवलात तर दुपारी तो हमखास अडकेल. मधल्या खोलीत, भिंतीला उभा टांगा.

भारनियमनासाठी १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी पुरते. मोडेम ८-१० वॉट घेतो, म्हणजे पाच-सहा तास निघतात. त्याआधी ॲडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. काही मोडेम ९ व्होल्टचे असतात, काहींना डीसी नव्हे तर एसी लागतं. एसीवाल्याला बॅटरी लावू नका, तो इन्व्हर्टरवरच चालवा. ९ व्होल्ट डीसी असेल तर मधे १२ चे ९ व्होल्ट करणारा ७८०९ रेग्युलेटर, हीट सिंकसकट (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसकट). एक अँपिअरला तीन वॉट उष्णता होते, उघडा ठेवला तर चटका बसेल इतका तापतो.

पुन्हा: दर्यापूरकडे ब्रॉडबँड
प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

दोघांचेही आभार. पाइप आणि वायर जानेवारीतच टाकून घेतो. योजना कोणती घ्यावी? एक जीबी डेटाची मर्यादा असलेली स्वस्त दिसते.

उत्तर ३
प्रेषक: सभासद, शिकागो

वेग २५६ केबीपीएस धरला तर सेकंदाला ३२ केबी (किलोबाइट). पूर्ण वेगाने चाललं तर एक जीबी पावणेनऊ तासांत संपतो. दोन घरं आणि मोडेम सतत जोडलेला, म्हणजे कुणी काही उघडलं नाही तरी विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरस दिवसा कोटा खात राहतात. वाढलेलं बिल बघून घरचे मोडेमच काढून ठेवतील, आणि मग सगळाच खटाटोप वाया जाईल. दोन्हीकडचे आपोआप होणारे अपडेट बंद करून ते पहाटे हाताने करायला शिकवा.

ज्या योजनेत रात्री २ ते सकाळी ८ मोफत आहे तीच घ्या. गावी सकाळी ६ ते ८ म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी साडेआठ ते साडेदहा, हिवाळ्यात साडेसात ते साडेनऊ. स्काइपवर नुसतं बोलताना दोन्ही बाजूंचं मिळून तासाला ३५-४० एमबी जातात, ते त्या वेळेत मोजलेच जात नाहीत. आईबाबा पहाटेच उठलेले असतात, तुमचं जेवण झालेलं असतं. इंग्लंडातल्या सभासदांना मात्र ही वेळ मध्यरात्रीनंतरची पडते, त्यांनी अमर्याद योजनाच बघावी.

एक पथ्य: मोडेम २ नंतर सुरू करायचा आणि पावणेआठला बंद करायचा. तीच जोडणी सलग आठच्या पलीकडे चालू राहिली तर हिशेबात घोळ होतो. दिवसा लागेल तेव्हा पुन्हा सुरू करावा. बाबांना बटणाजवळ कागदावर वेळ लिहून चिकटवून द्या.